न सडणारा साठा

मित्रहो, काटकसर कुठे संपते आणि कंजूषपणा कुठे सुरू होतो, ते आज निसर्गाकडे बघून समजून घेऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेलात तर साग उघडाबोडका उभा असतो आणि खाली पानांचा खच पडलेला असतो. ही उधळपट्टी वाटते, पण गळालेलं पान झाडानं आधीच रिकामं केलेलं असतं. गळण्यापूर्वी पानातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडली जातात. त्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देठावाटे फांदीत परत ओढलं जातं. ढोबळमानानं निम्मं नत्र असं वाचतं. कॅल्शियम मात्र हलत नाही, ते पानातच राहतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटतो, जखम बुचानं बंद होते. उरलेलं नत्र पान कुजल्यावर मुळांना मिळतं. म्हणून पालापाचोळा पेटवू नका, असं घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जाळला की त्यातलं बहुतेक नत्र धुराबरोबर जातं आणि बागेसाठी युरिया विकत आणावा लागतो.

इतकं हिशेबी असूनही झाड कंजूष नाही. पानाची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर जाते. एक किलो सुकं वजन कमावताना भाताचं रोप काहीशे लिटर पाणी असं सोडून देतं. पाणी वाचवायला दुपारच्या उन्हात रंध्रं थोडा वेळ मिटणं ही काटकसर झाली. ती मिटलेलीच ठेवली तर अन्न तयार होणं थांबतं. पान तापतंही, कारण त्याला गार ठेवते ती वाफच. खर्च टाळणारं झाड उपाशी मरतं.

आता साठ्याकडे येऊ, कारण कंजूषपणाचं मूळ तिथे आहे. येऊरच्या उतारावरचं कारवीचं झुडूप सात वर्षं फुलत नाही. दर पावसाळ्यात पानं काढतं, कमावतं, वाढतं. आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम फुलतो. आपल्याकडे कारवी 2016 मध्ये फुलली, नंतर 2024 मध्ये. बी धरलं की झाड वाळून जातं, पुंजी बियांत गेलेली असते. एवढा दीर्घ साठा, पण त्याला खर्चाची तारीख आहे.

ठाण्याच्या खाडीवर हिवाळा काढणारे, चिखलात अन्न शोधणारे पक्षी उत्तरेला निघण्याआधी चरबी चढवतात. एक ग्रॅम चरबीत 9 किलोकॅलरी असतात, पिष्टमय पदार्थात 4, त्यामुळे उडताना चरबीच परवडते. पण लठ्ठ पक्षी चटकन उडू शकत नाही आणि ससाण्याला सापडतो. त्याच्या साठ्याला वजन आहे, म्हणून मर्यादाही आहे.

आपल्या कणगीतल्या धान्यालाही मर्यादा होती. तांदूळ, डाळ उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालायचा. ओल 12-13 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आणि सोंडे ठरलेले. जास्तीचं धान्य नासायच्या आत विकलं जाई किंवा वाटलं जाई. पैशानं हे लगाम काढले. खात्यातल्या आकड्याला वजन नाही, वास येत नाही. माझ्या मते कंजूषपणा वाढतो तो इथे. खरं तर पैशालाही कीड आहे. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर व्याजाविना नुसत्या पडलेल्या रकमेची खरेदीची ताकद 12 वर्षांत जवळपास निम्मी होते.

कुणी म्हणेल, मधही नासत नाही. बरोबर आहे, पण तो तसा करावा लागतो. मकरंदात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. माश्या पंखांनी वारा घालून ते 20 टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग पोळ्यातलं ते घर मेणानं बंद करतात. त्याआधी काढलेला मध आंबतो. आणि मध साठतच गेला की राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. मग मोहोळ फुटतं. जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्या घेऊन निघते, निघताना त्या पोटभर मध पितात. सातेरी जातीच्या माश्या पाळणारा, मोहोळ फुटू नये म्हणून, पेटीवर वेळेवर मधकोठी म्हणजे मधासाठी जादा कप्पा चढवतो. एरवी जादा साठ्यातून नवी वसाहत उभी राहते.

आपल्या घरातल्या प्रत्येक साठ्यापुढे तीन गोष्टी लिहा: किती, कशासाठी, कधीपर्यंत. सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणासाठी काही रक्कम ठेवली, की त्यापुढची रक्कम टाळलेल्या कामांकडे वळवा. दाताचं काम, आईचा चष्मा, गळका नळ. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जातं, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा एका वॉशरची असते. इमारतीत सर्वांत महाग पडते ती गच्चीची चालढकल. पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते आणि फुगते, छताचं प्लास्टर सुटतं. तेव्हा आधीच्या दुरुस्तीच्या कैकपट खर्च येतो. वॉटरप्रूफिंग मे महिन्यात उरका. ओल्या स्लॅबवर थर नीट धरत नाही, आणि जूनमध्ये स्लॅब सुकायला उसंत मिळत नाही.