लाइट गेली, घड्याळ चालूच

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय कामावरच्या वेळेबद्दल. त्यातही, ज्या वेळेकडं कुणाचंच लक्ष नसतं, त्या वेळेबद्दल.

येशूचा प्रेषित पौल, त्यानं इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, वेळेचा सदुपयोग करा. कलस्सैच्या पत्रात तर त्यानं दासांना सांगितलं की तोंडदेखली चाकरी नको, जे कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पौल स्वतः करिंथात तंबू बनवण्याचं काम करायचा. कष्टाची भाकरी खाणाऱ्याचं हे सांगणं आहे.

आमच्या मंडळीत एक मामा आहेत. कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातायचे. लोडशेडिंगचे दिवस आठवतात ना? लाइट गेली की सगळं वर्कशॉप चहाच्या टपरीवर. मामाही जायचे. एक कप घ्यायचे आणि परत यायचे. लेथवरचा कीस झाडायचे, बेड पुसून तेल द्यायचे, ऑइल स्टोनवर टूलची धार काढायचे. पुढच्या जॉबचं ड्रॉइंग दारातल्या उजेडात बघून ठेवायचे. मग जतकडनं आलेल्या एका नव्या पोराला जवळ बसवायचे आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचायला शिकवायचे. पोरगं चुकायचं. मामा परत सांगायचे, परत सांगायचे.

एकदा मालक म्हणाले, "मामा, लाइट नाही म्हणून मी काय पगार कापत नाही. बसा की निवांत."

मामा म्हणाले, "लाइट गेलीया शेठ, घड्याळ कुठं थांबलंय?"

लाइट आली की मामांचा लेथ लगेच सुरू व्हायचा. बाकीच्यांची टूल शोधण्यापासून सुरुवात. पण ऐका, गोष्ट इथं संपत नाही. काम वाढलं तसं मालकांनी रविवारी ओव्हरटाइम काढला, दुप्पट पैसे. मामा म्हणाले, "सोमवार ते शनिवार तुमचं. रविवार न्हाई." शेठ नाराज झाले. मामांच्या घरी पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती, तरी मामा गेले नाहीत. रविवारी ते चर्चमध्ये आणि दुपारी घरात. जो माणूस लाइट गेल्यावरसुद्धा काम करतो, तोच रविवारी काम नाकारतो, हे शेठना उमगायला वेळ लागला. दोन्हीचं कारण एकच होतं. वेळ शेठची नव्हती, मामांचीही नव्हती. ती देवाची होती.

आता रविवारचं निघालंच आहे, तर मनातलं बोलतो. साडेनऊची उपासना पावणेदहाला सुरू होते, हे मला पटत नाही. कंपनीच्या गेटवर पाच मिनिटं उशीर झाला की आपण धावतो. देवळाच्या दारात का रेंगाळतो? आणि कामाच्या वेळेत मोबाइलवर वचनं पाठवत बसणं, तीही काही सेवा नव्हे. वचन सकाळी घरी वाचावं, कामावर पाळावं.

असो. डॉक्टर विल्यम वॉनलेस आपल्या भागात ठाऊक नाहीत असं घर नसेल. मिरजेत १८९४ साली त्यांनी रुग्णालय सुरू केलं. पेशंटची रीघ असायची. तरी त्यांनी इथल्या तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायला वेळ काढला. एका माणसाचे तास संपतात. शिकवलेल्या माणसांचे तास पुढं चालू राहतात. मामांनी वॉनलेससाहेबांचं चरित्र वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण व्हर्नियर शिकवताना ते तेच करत होते.

तेव्हा उद्या कामावर सर्व्हर बंद पडेल, दुकानात गिऱ्हाईक नसेल, साहेब मीटिंगला गेले असतील. त्या वेळेत काय करायचं, ते आज रात्रीच्या प्रार्थनेतच ठरवा. पुन्हा सांगतो, आज रात्रीच. आणि शेजारच्या टेबलावर कुणी नवीन लागलं असेल, तर आधी त्याला काम शिकवा. नमस्कार.