बाहुलीकडे बघायचं नाही

(नागपुरातल्या उन्हाळी शिबिरात शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बाहेर ४४ डिग्री, तुम्ही आत्ताच कूलरसमोर टेकलात, आणि मी लगेच हात वर करायला सांगतोय. रागावू नका. उजवा हात सरळ वर, दंड कानाला लागला पाहिजे. मी सांगेपर्यंत खाली आणायचा नाही.

बाहुल्यांचं काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे अर्धवटरावसारखं?’ नाही. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव दोघंही तुमच्यासमोर असतात. पाध्यांचे ओठ हलत नाहीत ही त्यातली कमाल. मुलांच्या मालिकांतला बाहुलीवाला मात्र तोंड हवं तेवढं वेडंवाकडं करतो, कारण तो चौकटीच्या खाली दडलेला असतो. ही चौकट टीव्हीचीच. पूर्वी कॅमेऱ्यासमोर बाहुल्यांचा छोटा रंगमंच मांडायची पद्धत होती. १९५५ साली वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीवर जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीवाल्यानं तो काढून टाकला. पडद्याची कड हीच स्टेजची कड.

मग माणूस खाली बसून बघतो कुठे? बाहुलीकडे नाही. पायाशी मॉनिटर असतो, त्यात. घरी बसलेल्या पोराला जे दिसतं तेवढंच त्यालाही दिसतं. आणि मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे! तुम्ही हात उजवीकडे नेला की बाहुली पडद्यावर डावीकडे जाते. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगला माझ्या बाहुलीला तिच्या मैत्रिणीला संत्रं द्यायचं होतं. दिग्दर्शक ओरडले, ‘दुसरीकडे, दुसरीकडे!’ मी घाबरून आणखी त्याच बाजूला सरकलो, आणि संत्र्यासकट चौकटीबाहेर. तो भाग लागला तेव्हा शेवटच्या पाट्यांत ‘बाहुल्या’समोर कापडाच्या दुकानाचं नाव होतं. आमचं कोणाचंच नाही. असो.

आता डावा हात पुढे करा. अंगठा खाली, चार बोटं वर, हे तोंड. ‘आंबा’ म्हणा. बघा, सगळ्यांची बोटं वर उडाली. असं केलं की बाहुली प्रत्येक अक्षराला आकाशाकडे बघते. बोटं स्थिर ठेवा आणि अंगठा खाली पाडा. ‘आं’ला उघडलं, ‘म्’ला मिटलं, ‘बा’ला पुन्हा उघडलं. शब्द संपला की तोंड मिटलेलं हवं. नवशिक्यांचं नेमकं उलटं होतं, शब्द तोंडातून काढण्याऐवजी ते चावतात.

बाहुलीला दोन्ही हातांनी वस्तू उचलायची असेल तर दोन माणसं लागतात. एकाचा उजवा हात डोक्यात, डावा तिच्या डाव्या हातात. तिचा उजवा हात दुसऱ्याचा. दोघं ऑफिस सुटायच्या वेळच्या ‘आपली बस’मधल्यासारखे चिकटून. सकाळी तर्री पोहे, वर कच्चा कांदा खाऊन आलेला जोडीदार मिळाला की कला वगैरे सगळं विसरायला होतं.

‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन मालिकेतला बिग बर्ड आठवतो? आठ फूट दोन इंच उंचीचा तो पिवळा पक्षी. १९६९ पासून कॅरोल स्पिनी त्याच्या आत असत. उजवा हात डोक्यावर, म्हणजे आत्ता तुमचा आहे तसा, आणि त्या हातात पक्ष्याचं डोकं नि चोच. डावा हात डाव्या पंखात. मग उजवा पंख? त्याला मासेमारीची नायलॉनची दोरी, गळ्याखालून डाव्या पंखापर्यंत. डावा खाली गेला की उजवा वर. बाहेरचं काही दिसत नाही. छातीवर बांधलेला छोटा टीव्ही, बस. तेवढ्यावर माणूस चालतो, गातो, नाचतो.

आमच्याकडे एवढं काही नव्हतं. तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या महाल भागात प्रयोग होता, ऐन वेळी पडदा फाटला. मी उघड्यावर बसलो. सजवलेला लाकडी बैल काखेत धरून आलेला चारेक वर्षांचा मुलगा माझ्याकडे एकदा बघून गेला, मग बाहुलीला विचारतो, ‘तुझ्या मागं हा काका काहून बसून राहिला?’ बाहुली म्हणाली, ‘त्याचे पाय दुखतात.’ ‘बरं,’ म्हणाला, आणि तिला आपला बैल दाखवायला लागला. नंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

किती हात अजून वर आहेत? सहा. मागचे सर डाव्या हातानं कोपराला टेकू देताहेत. असू द्या, सर. स्टुडिओत आम्हीही तेच करतो.