घरी जातो एक, खुर्च्या बदलतात पाच

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत 'फर्लो'ची कुणकुण लागली की पायलट आधी ज्येष्ठता यादीतला आपला क्रमांक बघतो. फर्लोत काम आणि पगार थांबतो, नाव मात्र यादीत राहतं. शेवटी भरती झालेला आधी घरी जातो. बोलावणं येतं तेव्हा घरी बसलेल्यांतला सर्वांत ज्येष्ठ आधी परततो. आपल्याकडची बिनपगारी रजा याच्याच जवळची, पण तिच्यामागे असा यादीचा पक्का करार क्वचितच असतो.

गोम अशी, की मंदीत काम संपतं मोठ्या विमानांवरचं आणि घरी जातो छोट्या विमानावरचा को-पायलट. समजा, बोइंग 777 ची उड्डाणं बंद झाली. तिचा कॅप्टन ज्येष्ठतेच्या जोरावर 737 वर येतो. तिथला धाकटा कॅप्टन आपल्या डाव्या खुर्चीतून को-पायलटच्या उजव्या खुर्चीत जातो आणि तिथल्या को-पायलटला खाली ढकलतो. ही ढकलाढकली यादीच्या तळाशी पोचते तेव्हा कुठे एकाचा पगार वाचतो.

विमान बदललेल्या प्रत्येकाचं ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, परीक्षा, मग जेटवर अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली साधारण 25 तास. त्यानंतर हात बसावा म्हणून 120 दिवसांत 100 तास उडायचं. उड्डाणंच नाहीत, तर ते तास आणायचे कुठून? जुन्यांनाही 90 दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग हवीतच. चुकली की पुन्हा सिम्युलेटर. सिम्युलेटर मोजके, रांग लांब.

कंपनीला महागात पडणारी ही रांगच वाटाघाटीत युनियनचा खरा हुकमाचा पत्ता. संपाचा धाक तिथे फारसा चालत नाही. 1936 पासून विमान कंपन्या रेल्वे कामगार कायद्याखाली येतात आणि सरकारी मध्यस्थ मंडळानं मोकळं केल्याशिवाय करारासाठी संप करता येत नाही.

2020 मध्ये, कोविडच्या काळात, हा हिशेब उघड्यावर आला. सरकारी वेतनमदतीची अट होती, 30 सप्टेंबरपर्यंत कुणालाही फर्लो नाही. मोठ्या कपातीआधी 60 दिवसांची नोटीस लागते, म्हणून पत्रं उन्हाळ्यातच निघाली. 1 ऑक्टोबरला अमेरिकन एअरलाइन्सचे सुमारे 1,600 पायलट घरी गेले. युनायटेडमध्ये 2,850 जणांवर टांगती तलवार होती. तिथे 'अल्पा' या युनियननं सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी करून नोकऱ्या वाचवल्या. डेल्टात आधी 1,800 हून अधिक पायलटांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. नंतर बाकीच्यांच्या हमीच्या पगारात 5 टक्के कपात मान्य झाली आणि 1,700 हून अधिक फर्लो टळले.

अशा करारात युनियनची खरी परीक्षा घरातच असते. तीस वर्षं उडवणाऱ्या कॅप्टनला फर्लोची भीती नाही. धाकट्यासाठी आपला पगार का कापून घ्यायचा, हा त्याचा सवाल अगदीच गैर म्हणता येत नाही. युनायटेडच्या मतदानात बाजूनं 58 टक्केच पडले.

घरी बसलेल्यानं दुसरी कंपनी धरली, तर तिथे यादीच्या तळापासून आणि पहिल्या वर्षाच्या पगारावर सुरुवात. म्हणून बरेच जण जुन्या क्रमांकाची वाट पाहतात. त्यांनी दोन कामं चुकवू नयेत: मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, चालू ठेवायचं आणि घर बदललं की नवा पत्ता कंपनीला लेखी कळवायचा. बोलावण्याच्या पत्राला उत्तर द्यायची मुदत करारात ठरलेली असते. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिलं, तर इतकी वर्षं जपलेला क्रमांक हातचा जाऊ शकतो.