शेवटचे वीस टक्के

फोन चार्जिंगला लावला. वीसवरून पन्नासवर भराभर गेला, ऐंशीपर्यंतही फार वाट पाहावी लागली नाही. आणि आता मघापासून ब्याण्णववर रेंगाळलाय. चार्जर ठीक आहे, केबलही ठीक आहे. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

बॅटरीच्या त्या चपट्या पाकिटात लांबलचक पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. एक तांब्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा काळा लेप. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा. दोघींच्या मध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. चार्जिंग सुरू झालं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, या पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात.

सुरुवातीला थर रिकामे असतात, आयन पटापट आत जातात. पुढे जागा शोधत आत सरकायला वेळ लागतो. तेव्हाही करंट रेटत राहिलं, तर आयन आत न शिरता वरच्या वरच साचतात, चक्क धातू होऊन. त्यातलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, आणि साचलेल्या धातूला काटे फुटून ते पडद्यापार गेले तर आत शॉर्टसर्किट. शून्याखालच्या थंडीत चार्जिंग करू नये, तेही याच कारणाने.

म्हणून सेलचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला, बहुतेकदा 4.2 व्होल्टच्या आसपास, पोहोचलं की ते तिथेच धरून करंट हळूहळू कमी केला जातो. आपण शंभर टक्के म्हणतो ती कंपनीने आखलेली रेघ. काही फोन ऐंशीवरच थांबायची सोय देतात ती बॅटरी जास्त टिकावी म्हणून, कारण भरलेली आणि तापलेली बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते. रात्रभर उशीखाली फोन चार्ज करणं म्हणजे दोन्ही एकदम.

'पूर्ण उतरू दे, मगच लाव' हा सल्ला मात्र आता सोडायला हरकत नाही. तो निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या जमान्यातला. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये सोनीने बाजारात आणली, तरी सल्ला काही जात नाही! या बॅटरीला तळ गाठलेला सोसत नाही. कपाटात ठेवायचा जुना कॅमेरासुद्धा अर्धा चार्ज करून ठेवावा.

हां, त्र्याण्णव झाले.