रंगभवनची पोरं

(दृश्य : महापालिका मार्ग, सकाळची वर्दळ. कॅमेरा गर्दीतून सरकत एका फाटकाशी येतो.)

मेट्रो सिनेमाकडून सीएसएमटीकडे जाताना, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघड्यावरचं एक नाट्यगृह आहे. रंगभवन. एरवी त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण नव्वदच्या दशकात कॉलेजात असलेला, तेव्हा केस वाढवून काळा टी-शर्ट घालणारा कुणी या रस्त्याने चालला असेल, तर तो इथे थबकतोच. मीही थबकतो. पंधरा ऑगस्टच्या आसपास आमचा रॉक संगीताचा सण इथे व्हायचा आणि तो वर्षभर पुरायचा.

मुंबईचं संगीत म्हटलं की हिंदी सिनेमा आठवतो, नाट्यसंगीत आठवतं, गणपतीतले वाद्यवृंद आठवतात. त्याच शहरात इलेक्ट्रिक गिटारचं, ड्रम्सचं आणि इंग्रजी शब्दांचं गाणंही होतं. ते फक्त वांद्रे आणि मलबार हिलच्या पोरांचं होतं असा एक समज आहे. तो खोडून काढायलाच हवा. गिरगावातल्या चाळींतून, दादर-परळमधून, ठाणे-डोंबिवलीहून लोकल पकडून आलेली पोरं रंगभवनात खांद्याला खांदा लावून उभी असायची. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोललेलं नाही.

(दृश्य : धोबी तलावचा चौक, जेर महाल, वाद्यांच्या दुकानाची काच.)

हे सगळं धोबी तलावलाच का घडलं, ते या चौकात उभं राहिलं की कळतं. समोर जेर महाल. इथे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत गोवेकरांचे कुड्ड होते. कुड्ड म्हणजे एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा, आणि बोटीवरच्या नोकरीची वाट बघणारी माणसं. त्यांतले कितीतरी वादक होते. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले हे लोक संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. ट्रम्पेटची केस हातात घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस इथे कुणाला नवलाचा वाटत नसे.

त्याच चौकात फुर्ताडोस. 1865 पासूनचं वाद्यांचं दुकान. काचेमागची गिटार बघत बाहेर उभं राहणं हा आमचा एक कार्यक्रमच होता. आत जायचं ते एखादी तार घ्यायला. मुंबईच्या दमट हवेत तारा गंजतात, आणि सगळ्यांत आधी तुटते ती सगळ्यांत बारीक तार. पूर्ण संच घ्यायची ऐपत नसायची, म्हणून तेवढीच एक घ्यायची. घरी वाजवायला कोलकात्याची गिव्हसन गिटार असायची. तारा फळीपासून इतक्या उंच की बोटांची टोकं सोलून निघत. ती निबर व्हायला महिने लागायचे, आणि झाली की त्याचा कोण अभिमान!

चौकातच कयानी आहे, 1904 पासूनचं इराणी हॉटेल. एका चहावर तिथे बसायचं आणि बँडचं नाव काय ठेवायचं यावर वाद घालायचा. त्या काळात नाव ठरलेले पण वाजवायला एकही गाणं नसलेले किती बँड या टेबलांवर जन्मले असतील!

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो, तबकड्यांची कव्हर्स.)

आमच्या आधीही एक पिढी होती. सत्तरीच्या सुरुवातीला सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा व्हायची. सिगारेटच्या एका ब्रँडने भरवलेली. तिच्यातल्या बँडच्या 1970 आणि 1971 सालच्या तबकड्या आज जगभरातले संग्राहक शोधत फिरतात. 1971 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा तरुणांचा संगीतमेळा भरला होता. पुणे-लोणावळा लोकल ज्या छोट्या स्टेशनावर थांबते, ते मळवली.

आणि या पिढीतलं मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात मराठी रंगभूमी, आणि गळ्यात रॉक. सॅव्हेज एन्काउंटर, अॅटॉमिक फॉरेस्ट अशा बँडमधून ते गात. 1974 मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे इंग्रजी रॉक-संगीतनाटक केलं, त्यात नंदू ज्यूडास होते. चार वर्षांनी, 1978 मध्ये, पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. जब्बार पटेलांच्या या नाटकात तोच रॉकचा गळा मराठी शब्द घेऊन उभा राहिला. 'डिस्को डान्सर'मध्येही त्यांचा आवाज आहे. मला भेंड्यांचं मोठेपण यात वाटतं की त्यांनी कुठलंच घर सोडलं नाही. इंग्रजीत गाताना ते मराठीपासून तुटले नाहीत आणि मराठीत गाताना रॉकची धार बोथट केली नाही. 2014 मध्ये ते गेले. त्यांच्यावर मराठीत एक मोठं, सविस्तर पुस्तक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : रात्रीचं रंगभवन, संग्रहातलं चित्रण. सॅक्सोफोनचे सूर.)

1978 हेच वर्ष रंगभवनासाठीही मोठं. निरंजन झवेरी या जॅझवेड्या माणसाने 'जॅझ यात्रा' सुरू केली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स इथे वाजवून गेले. जगातले पहिल्या रांगेतले वादक धोबी तलावला, उघड्या आभाळाखाली! पुढे दर दोन वर्षांनी हा उत्सव होत राहिला. पियानोवादक लुई बँक्स, गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्यांना आपल्याच शहरात, आपल्यासारखे कान असलेल्या लोकांसमोर वाजवायची जागा मिळाली. कुड्डांच्या गल्ल्यांपासून हे व्यासपीठ चालत पाच मिनिटांवर होतं.

(दृश्य : हातात एक कॅसेट. बोट तिच्या वरच्या कडेवरून फिरतं.)

आता आमचं. आम्ही वाढलो ते कॅसेटवर, आणि विकत घेतलेल्या कॅसेटपेक्षा 'भरून घेतलेल्या' कॅसेटवर. कुणाच्या तरी बोटीवर काम करणाऱ्या मामाने परदेशातून एक तबकडी आणलेली असायची. तिची पहिली कॉपी वर्गातल्या एकाकडे, त्या कॉपीची कॉपी दुसऱ्याकडे. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर गाण्यात इतकी खरखर मिसळलेली असायची की पुढे कधीतरी स्वच्छ आवाजात तेच गाणं ऐकलं तेव्हा काहीतरी कमी वाटलं.

नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे साधारण एक पूर्ण अल्बम. दुसऱ्या बाजूला दुसरा. एखादं गाणं शेवटी मध्येच तुटायचं. ते तुटण्यासकट पाठ व्हायचं. आतल्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहायची. मग कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन चिमुकल्या पट्ट्या पेनाच्या टोकाने मोडून टाकायच्या, म्हणजे घरात कुणी चुकून त्यावर भजन किंवा ताईच्या गाण्याच्या परीक्षेची तयारी टेप करू शकणार नाही. आणि कधी आपल्यालाच पुन्हा भरायची वेळ आली, तर त्या भोकांवर सेलोटेप लावायची. रीळ अडकलं तर पेन्सिल आहेच.

गाण्याचे शब्द छापील कुठे मिळणार? दोन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, लिहायचं, मागे घ्यायचं. गिटारचंही तसंच. एकेक सोलो बोटांवर उतरवायला आठवडे जात. आजच्या मुलांना तो व्हिडिओ बघून तासाभरात येतो, आणि ते चांगलंच आहे. त्यांची बोटं आमच्याहून कितीतरी तयार आहेत. पण त्या थांबवत-मागे घेत ऐकण्याने आम्हाला गाण्याचा प्रत्येक थर वेगळा ऐकायची सवय लागली. ती अजून आहे.

ज्याला अस्सल कॅसेट हवी तो काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचा. तिथे घेण्याआधी ऐकायची सोय होती. एक विकत घ्यायची आणि चार ऐकून यायच्या, असा हिशोब.

सराव कुठे करायचा हा मोठा प्रश्न. चाळीत गिटारला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, जोडला की पाच मिनिटांत आईची हाक, ''अरे, आवाज कमी कर रे, वरच्या काकूंना बरं नाहीये.'' मग कुणाच्या ओळखीने शाळेचा हॉल, चर्चच्या आवारातली खोली, एखादं गॅरेज. ड्रम्स टॅक्सीच्या टपावर बांधून न्यायचे. गिटारचा आवाज बदलणारं पेडल परवडायचं नाही, तर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एखादा मित्र डब्यात सर्किट बसवून द्यायचा. त्यातून जो आवाज यायचा तो कुठल्याही रेकॉर्डवर नव्हता. आमचाच होता.

(दृश्य : पावसात भिजलेली गर्दी, हात वर, रंगमंचावर पिवळे-लाल दिवे.)

1986 मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला. आमच्या तोंडी तो कायम 'आय-रॉक'. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, भर पावसाळ्यात. चर्चगेट किंवा व्हीटीला उतरायचं आणि काळ्या टी-शर्टांच्या मागे चालत राहायचं, पत्ता विचारावा लागायचा नाही. एकामागून एक बँड. पावसाची सर आली तरी कुणी हलायचं नाही. मान खाली घालून केस गरागरा फिरवणारी रांगच्या रांग, आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरला मान अवघडून बसलेली तीच रांग. मुली थोड्या असत, पण असत. घरी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून आलेल्या, आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून शेवटपर्यंत थांबणाऱ्या.

रंगभवनचं पब्लिक कडक होतं. मऊ गाणं चालायचं नाही. नवा बँड आपलं स्वतःचं गाणं सुरू करायचा आणि गर्दीतून परदेशी बँडच्या नावाने ओरडा उठायचा, मेटॅलिका वाजव, आयर्न मेडन वाजव! आम्हीही त्यात ओरडत होतो. समोर उभं राहून आपलं गाणं शेवटपर्यंत नेणाऱ्या त्या मुलांना किती छाती लागत असेल!

हे धाडस सगळ्यांत आधी मोठ्या प्रमाणावर केलं ते रॉक मशीनने. 1984 मध्ये मुंबईत जमलेला बँड. पुढे गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. आपल्यासारख्याच आडनावांची माणसं. 1988 मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, दुकानात आपल्या हिंदी-मराठी कॅसेटच्या शेजारी मांडलेला. परदेशी गाणं हुबेहूब वाजवणं म्हणजेच मोठेपण, ही समजूत तिथे पहिल्यांदा हलली. 1993 मध्ये बँडने नाव बदललं, इंडस क्रीड. त्याच सुमाराला केबलवर एमटीव्ही घरोघरी आला होता, आणि आपल्या शहरातला बँड टीव्हीवर परदेशी बँडच्या रांगेत दिसू लागला. मग पेंटाग्राम, झीरो, पुढे डिमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत. हे शेवटचं नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. मेटल, म्हणजे कडक, कर्कश रॉक वाजवणाऱ्या बँडला इतकं चपखल नाव देशी भाषेतूनच यायला हवं होतं.

(दृश्य : रंगभवनची आजची भिंत. आवाज बंद.)

2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनच्या शेजारी काय आहे बघा. झेवियर्स, कामा रुग्णालय, जीटी रुग्णालय, आणि त्याच रस्त्यावर न्यायालय. पुढच्या काही वर्षांत इथले जलसे थांबले.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कामा रुग्णालयात बाळंतीण झोपलेली असते, तिच्या झोपेपुढे आमचा ड्रमर मोठा नाही. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. जागा काढून घेताना शहराने दुसरी जागा दिली नाही. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल, विद्यार्थ्याला तिकीट परवडेल, आणि नवख्या बँडला मोठ्या गर्दीसमोर उभं राहता येईल, अशी दुसरी जागा मुंबईला आजतागायत मिळालेली नाही. आय-रॉक अंधेरीला चित्रकूट मैदानावर गेला. लोअर परळला 2007 मध्ये गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचं संगीताचं ठिकाण निघालं, तिथला आवाज अप्रतिम होता. पण कॉलेजच्या पोराच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं, आणि 2016 मध्ये तेही बंद झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ऱ्हिदम हाउसचं शटर कायमचं खाली आलं.

रंगभवनच्या जागी मराठी भाषा भवन उभं करायची कल्पनाही मध्ये पुढे आली होती. पुढे ते चर्नी रोडला नेण्याचं ठरलं. नंदू भेंडे ज्या दोन्ही जगांत सहज वावरले, त्या दोन्हींना सामावून घेईल एवढी रंगभवनची वास्तू आहे. रात्री दहाच्या आत, आवाजाची मर्यादा पाळून, भिंतींना ध्वनिरोधक लावून इथे कार्यक्रम करण्याचं तंत्र आज उपलब्ध आहे. रविवारी दुपारी कॉलेज आणि न्यायालय दोन्ही बंद असतात. हवी आहे ती इच्छा.

(दृश्य : 2022, माझगाव. पांढरे केस, काळे टी-शर्ट. शेजारी विशीतली मुलं.)

2013 नंतर थांबलेला आय-रॉक 2022 मध्ये माझगावला पुन्हा झाला. जुनी मंडळी पोराबाळांना घेऊन आली होती.

आता एक विनंती, आणि ती तातडीची आहे. त्या वर्षांत चाललेल्या अनेक बँडचा अल्बम कधी निघालाच नाही. त्यांचं गाणं उरलंय ते कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये, एखाद्या कॉलेजच्या महोत्सवात टेप केलेलं. आपल्या पावसाळ्यात कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरते, चिकटलेलं रीळ वाजवायला गेलं की तुटतं. तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर ती लगेच टेपमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून रीळ बघा. पांढरे ठिपके दिसले तर जाणकाराकडून साफ करून घ्या. स्वच्छ असेल तर दोन्ही बाजू एकदा पुढे, एकदा मागे फिरवून घ्या, आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवा, कारण दुसऱ्यांदा ती वाजेलच असं नाही. कव्हरवरचं अक्षर, तारीख, वाजवणाऱ्यांची नावं यांचा फोटो काढा. आणि त्या बँडमधला जो कुणी अजून संपर्कात असेल, त्याला आज फोन करा.