सगळ्यांची परीक्षा, आपल्याच शाळेत

[दृश्य: शाळेचा लांब कॉरिडॉर. वर्गांच्या दारांवर खोली क्रमांकाचे कागद चिकटवले जात आहेत.]

निवेदन:
अमेरिकेतली, सॅट शाळेतच घेणारी एखादी सरकारी हायस्कूल घ्या. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी तिथली घंटा बंद असते. तास होत नाहीत, ध्वनिक्षेपकावर सूचना येत नाहीत. अकरावीची सगळी मुलं आज 'सॅट' देणार आहेत. कॉलेज प्रवेशासाठी अमेरिकेत प्रामुख्याने दोन परीक्षा चालतात, सॅट आणि एसीटी. सॅट पहिल्यांदा झाली २३ जून १९२६ रोजी आणि तेव्हा साधारण आठ हजार मुलं बसली होती. एसीटी आली १९५९ मध्ये, आयोवा राज्यातून.

कित्येक दशकं या परीक्षा शनिवारी होत. नाव मुलाने नोंदवायचं, फी घरच्यांनी भरायची, केंद्र शोधून सकाळी वेळेत पोचायचंही आपलं आपण. घरात गाडी आहे, फीचे पैसे आहेत आणि 'ही परीक्षा दे' असं सांगणारं कुणी आहे, त्याच्यासाठी हे सोपं होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं नाव यादीत यायचंच नाही. तो हुशार आहे की नाही, हा प्रश्नच मग कुणाला पडत नसे.

२००१ मध्ये कोलोरॅडो आणि इलिनॉय या राज्यांनी अकरावीच्या सगळ्या मुलांना एसीटी द्यायला सुरुवात केली. स्वतःच्या शाळेत, शाळेच्या वेळात, राज्याच्या खर्चाने. मिशिगनने तेच २००७ मध्ये केलं. तिथल्या आकड्यांचा अभ्यास जोशुआ हायमन या अर्थशास्त्रज्ञाने केला. परीक्षा ऐच्छिक असताना कॉलेजला पुरेसे गुण मिळवणारी दर दहा गरीब मुलं धरली, तर तितकेच गुण मिळवू शकणारी आणखी पाच मुलं परीक्षेला बसतच नव्हती, असं त्यातून दिसलं. दहामागे पाच! ही मुलं वर्गात होती, हजेरीपटावर होती. प्रवेशाच्या यादीपर्यंत मात्र त्यांचं नाव पोचत नव्हतं.

सॅटही आता बऱ्याच ठिकाणी अशीच शाळेत होते. म्हणून तिची तयारी नीट पाहण्यासारखी आहे. ती बहुतेक वेळा एका माणसाच्या खांद्यावर असते. पदाचं नाव समन्वयक. एरवी ती शाळेची समुपदेशक असते, नाहीतर उपमुख्याध्यापक, आणि हे काम रोजचं काम सांभाळूनच करायचं असतं. पैसे घेऊन सॅटची शिकवणी घेणाऱ्याला हे काम करता येत नाही. स्वतःचं मूल परीक्षेला बसलेलं असेल, तर त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून जाता येत नाही.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर विद्यार्थ्यांची यादी. काही नावांसमोर खुणा.]

निवेदन:
पहिलं काम सवलतींचं, आणि ते परीक्षेच्या बरंच आधी सुरू होतं. एखाद्या मुलीला वाचनदोष आहे, तिला दीडपट वेळ लागतो. एखाद्याला दिसत नाही, त्याला ब्रेल हवी. कुणाला मधुमेह आहे, रक्तातली साखर तपासायला मध्येच थांबावं लागतं. हे सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. वर्गात ज्या मुलाला वर्षभर जादा वेळ मिळतो, त्याला परीक्षेत तो आपोआप मिळत नाही. अर्ज केला तरच मिळतो, आणि तो बहुतेक वेळा शाळाच करते. अर्ज राहिला तर त्या दिवशी त्या मुलासाठी कुणालाही काही करता येत नाही. माझ्या मते समन्वयकाची खरी कसोटी इथे लागते. परीक्षेच्या दिवसाची धावपळ सगळ्यांना दिसते, हे काम कुणाला दिसत नाही.

मग खोल्या. दीडपट वेळ असलेली मुलं एकत्र, नेहमीच्या वेळेची वेगळी. नाहीतर निम्मा वर्ग उठून जात असताना उरलेल्या अर्ध्यांनी गणितं सोडवायची. जादा वेळेची मुलं दुपारपर्यंत बसणार, म्हणजे त्यांच्या जेवणाची वेळ बदलायची. नववी-दहावीचं त्या दिवशी काय करायचं हेही ठरवायचं. त्यांना वेगळ्या मजल्यावर हलवतात, सहलीला नेतात किंवा उशिरा बोलावतात. शाळेच्या बसचं वेळापत्रक बदलायला निघालं, की एका परीक्षेमागे किती माणसं हलतात ते कळतं.

मार्च २०२४ पासून अमेरिकेत सॅट संगणकावर होते. कागद गेला, तशी काळजीही बदलली. आधी प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे कुलपात ठेवायचे, मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. आता वायफाय, बॅटरी, एक्स्टेंशन बोर्ड. परीक्षेचं ॲप, ब्लूबुक, प्रत्येक लॅपटॉपवर आधी चढवलेलं हवं आणि मुलांनी त्यात काही दिवस आधी आपली माहिती भरून ठेवलेली हवी. सकाळी घरून येताना कुणीतरी चार्जर विसरणारच, म्हणून जादा चार्जर. कुणाचा लॅपटॉप सुरूच होणार नाही, म्हणून जादा लॅपटॉप. तांत्रिक अडचणींसाठी एक माणूस वेगळा नेमलेला असतो आणि तो सकाळभर बसत नाही.

[दृश्य: वर्गाची खोली. बाकं एका दिशेला तोंड करून, अंतर ठेवून. फळ्यावर खोलीचा संकेतांक.]

निवेदन:
मुलं आत येतात. फोन बंद करून जमा करतात. प्रत्येकाला कच्च्या कामासाठी कोरा कागद मिळतो, शेवटी तो परत घेतात. पर्यवेक्षक छापील सूचना वाचून दाखवतात. शब्दशः. 'थोडक्यात सांगतो' असं म्हणायची मुभा नाही. पंचवीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकालाही त्या दिवशी त्याचंच वाचन करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. एका खोलीत एखादं वाक्य गाळलं आणि दुसऱ्या खोलीत ते वाचलं, तर दोन खोल्यांतली मुलं एकसारखी परीक्षा देत नाहीत. मग पर्यवेक्षक सुरुवातीचा संकेतांक देतात, मुलं तो टाईप करतात आणि प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचं स्वतःचं घड्याळ चालू होतं.

वाचन-लेखनाला ६४ मिनिटं, दहा मिनिटांची सुट्टी, गणिताला ७० मिनिटं. प्रत्येक विषयाचे दोन भाग. पहिल्या भागात मूल कसं सोडवतं, त्यावर दुसरा भाग सोपा की कठीण ते ठरतं. शेजारच्याच्या पडद्यावरचे प्रश्न आपले नसतात, त्यामुळे मान वळवून फारसं काही हाती लागत नाही. मध्येच इंटरनेट गेलं तरी परीक्षा चालू राहते, उत्तरं यंत्रातच साठतात. सुरू करताना आणि शेवटी पाठवताना मात्र जोडणी लागते.

तरीही चुका होतात, आणि ज्या गाजल्या त्या बहुतेक परीक्षा घेण्यातल्या होत्या. ऑक्टोबर २००५ च्या सॅटच्या उत्तरपत्रिकांना ओल लागली, यंत्राने खुणा चुकीच्या वाचल्या आणि हजारो मुलांना कमी गुण गेले. ते उघडकीला येईपर्यंत २००६ चा मार्च उजाडला होता. जून २०१५ मध्ये एका भागासाठी मुलांच्या पुस्तिकेत २५ मिनिटं छापलेली होती आणि पर्यवेक्षकाच्या सूचनांत २०. शेवटी तो भाग गुणांत धरलाच नाही.

मार्च २०१९ मध्ये उघड झालेला कॉलेज प्रवेशाचा घोटाळा मात्र चूक नव्हती. श्रीमंत पालकांनी खोट्या कागदपत्रांवर जादा वेळ मंजूर करून घेतला, मुलाचं केंद्र बदलून घेतलं, केंद्रावरच्या माणसांना पैसे चारले आणि उत्तरं नंतर दुरुस्त करून घेतली. वाचनदोष असलेल्या मुलीला ज्या सवलतीमुळे न्याय मिळतो, तीच सवलत त्यांनी विकत घेतली. याचा राग यायलाच हवा. पण म्हणून सवलतीच संशयाने बघायच्या, तर त्याची शिक्षा पुन्हा त्या मुलीलाच होते. पर्यवेक्षक आणि समन्वयकावरची बंधनं कुणाला जाचक वाटत असतील, तर त्याने हे प्रकरण वाचावं.

[दृश्य: दुपार. कॉरिडॉरमध्ये पुन्हा वर्दळ. कार्यालयात समन्वयक फोनवर.]

निवेदन:
दुपारी बहुतेक मुलं जेवायला जातात. दोन खोल्यांमध्ये जादा वेळेची परीक्षा अजून चालू असते, म्हणून त्या बाजूच्या कॉरिडॉरमध्ये एक शिक्षक उभा असतो. कार्यालयात समन्वयक कोण कुठे बसलं त्याचे तक्ते जमा करते, घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करते: कुणाला उलटी झाली, कुणाचा लॅपटॉप बदलावा लागला, कुठल्या खोलीजवळ आगीचा भोंगा चुकून वाजला. एका मुलाची उत्तरं अजून गेलेली नाहीत, त्याला लॅपटॉप घेऊन राऊटरजवळ बसवलं आहे.

आणि गैरहजर मुलांची यादी. तापाने पडलेली, बस चुकलेली, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली. शनिवारच्या परीक्षेत यातल्या कुणाची कुणी चौकशी केली नसती. इथे एकेकाच्या घरी फोन होतो. याच मोसमात पुढची तारीख मिळते, पुन्हा एक खोली, पुन्हा एक पर्यवेक्षक, पुन्हा त्याच सूचना शब्दशः. आजारी मुलीच्या आईने विचारलं, फी पुन्हा भरायची का? समन्वयक सांगते, नाही, तिला फक्त मंगळवारी वेळेवर पाठवा, चार्जर आमच्याकडे आहे.