कड्याखाली बसून राहणाऱ्यांसाठी

सातारकर श्रोतेहो, सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला येणाऱ्या कुटुंबांत धडधाकट मंडळी चढायला निघतात आणि पाय अधू असलेले मूल किंवा गुडघे दुखणारी आजी गाडीपाशी सामान राखत बसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. एका शिबिरात पोलिओ झालेल्या मुलाच्या हाती वेळ नोंदवण्याची वही देऊन मीही तेच केले होते, आणि त्याची खंत आजही वाटते.

कारण दोर लावून केलेल्या प्रस्तरारोहणात अशा माणसांनाही चढता येते. त्यातल्या टॉप रोप पद्धतीत वरच्या भक्कम आधारातून ओवलेल्या दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना, आठाच्या गाठीने बांधतात आणि दुसरी बाजू खाली ‘बिले’ देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या साथीदाराच्या, ताब्यात असते. चढणारा वर सरकेल तसा ढिला दोर ओढून घेतला जातो, त्यामुळे हात सुटला तरी तो फार घसरत नाही. मात्र दोर ताणला जातो, म्हणून जमिनीपासूनच्या पहिल्या काही फुटांत बिले देणाऱ्याने सर्वाधिक दक्ष राहावे लागते.

सुरुवात कृत्रिम भिंतीवर करावी, कारण तिथे चढणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे उतार निवडता येतो आणि पकडी हव्या तशा बसवता येतात. नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढू पाहतो आणि थोड्याच वेळात त्याच्या कोपराखालचे स्नायू भरून येतात. पायांवर वजन टाकायला शिकलेली साठीची बाईसुद्धा त्याच्यापेक्षा अधिक टिकते. बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना चढायची, भिंत साधारण चार-साडेचार मीटरचीच असली तरी गुडघे दुखणाऱ्यांनी तिच्या मोहात पडू नये, कारण तिथे दोर नसतो आणि गादीवर पडण्याचा धक्का सांध्यांना बसतो.

दृष्टिहीन व्यक्तीला खालून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगतात : ‘उजवा हात, दोन वाजता, कोपराइतका लांब.’ अमेरिकी गिर्यारोहक ह्यू हर यांनी १९८२ साली हिमदंशामुळे दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावले आणि स्वतः घडवलेल्या कृत्रिम पायांनी ते पुन्हा अवघड कडे चढले. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या मार्क वेलमन यांनी १९८९ साली अमेरिकेतील एल कॅपिटन हा प्रचंड कडा हातांच्या बळावर सर केला. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये तर दिव्यांगांच्या आरोहणाचा समावेश होणार आहे.

आपला सह्याद्री मात्र भिंतीइतका आज्ञाधारक नाही. इथला बसाल्ट थराथरांचा आहे. घट्ट कातळाखाली ठिसूळ पट्टा येतो, म्हणून पकड आधी ठोकून पाहावी आणि कड्याखाली बसणाऱ्यानेही हेल्मेट काढू नये. आग्या मोहोळ दिसले तर तो कडा त्या दिवसापुरता सोडून द्यावा, धूर आणि आरडाओरडा तर मुळीच नको. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात तापलेला काळा दगड, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

त्या वहीवाल्या मुलाला पुढच्या वर्षी आम्ही वाईजवळच्या एका सोप्या, तिरप्या कातळावर दोर बांधून चढवले. त्यानंतर त्याला खाली बसवून, त्याचा हार्नेस मागच्या आधाराला बांधून आणि दोराच्या मोकळ्या टोकाशी एक अनुभवी सहकारी ठेवून, बिले द्यायला शिकवले. त्या दुपारी त्याचा थोरला भाऊ चढत असताना दोर त्याच्या हातात होता.